सहा सेंटिमीटरचा डबा

जपानमधल्या उपनगरी गाडीचा डबा साधारण २० मीटर लांबीचा. छोट्या मॉडेल गाड्यांच्या ‘एन’ गेज या तिथल्या मापात, म्हणजे १:१५० प्रमाणात, तो १३३ मिलिमीटर भरतो. बांदाई कंपनीने २००२ साली ‘बी ट्रेन शॉर्टी’ नावाने जोडायची किट्स काढली आणि हाच डबा साठेक मिलिमीटरवर आणून ठेवला. रुंदी-उंची जवळपास तशीच, लांबी निम्म्याहून कमी. नुसतं ऐकलं तर कुणालाही वाटेल, हे लहान मुलांचं खेळणं झालं. पण जोडून पूर्ण केलेला डबा टेबलावर ठेवला की ओळखायला वेळ लागत नाही. ही टोकियोच्या यामानोते लाइनची, ही चुओ लाइनची, ही ओसाकाच्या लूप लाइनवरची. इतकं काढून टाकूनही गाडी तीच कशी राहते, या प्रश्नापायी मी या छंदात शिरलो आणि अजून बाहेर पडलेलो नाही.

१०३ मालिकेची गाडी घ्या. १९६० च्या दशकापासून टोकियो-ओसाकातल्या नोकरदारांना रोज कामावर पोचवणारी ही गाडी. मार्ग बदलला की अंगावरचा रंग बदलायचा. यामानोतेला पोपटी, चुओला नारिंगी, सोबूला पिवळा, केइहिन-तोहोकूला आकाशी. शॉर्टीत तिच्या चेहऱ्याला कुणी हात लावलेला नाही. १९७४ पासून आलेल्या, चालकाची खोली उंचावलेल्या गाड्यांच्या समोरच्या खिडक्यांखाली एक चकचकीत स्टेनलेस पट्टी असायची. नखाएवढ्या चेहऱ्यावर तीसुद्धा जागच्या जागी आहे. कात्री चालली आहे ती बाजूंवर. मूळ डब्याला एका बाजूला चार दारं, शॉर्टीला दोन. मात्र ती दोन दारं अरुंद केलेली नाहीत. दार पूर्ण मापाचं, खिडकी पूर्ण मापाची, दोन्हींमधलं अंतरही बरंचसं खरं. कमी केली आहे ती फक्त संख्या. फोटो दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद केला की त्यातला माणूस विचित्र दिसू लागतो, तसं इथे होत नाही, ते यामुळेच. आपण रोजच्या गाडीतली दारं मोजत नाही. एक दार आणि त्याच्या शेजारची खिडकी एवढं एकमेकांच्या नात्यात बरोबर असलं की उरलेला डबा डोळे स्वतःच भरून घेतात.

शिंकानसेनला, म्हणजे बुलेट ट्रेनला, ही युक्ती लागू पडत नाही. मुंबई-अहमदाबाद मार्गाच्या बातम्यांमुळे ई५ गाडीचं चित्र आपल्याकडे घरोघरी पोचलं आहे. तिचं नाकच १५ मीटर लांब. शिंकानसेनची मॉडेलं १:१६० ला करतात. त्या मापात नुसतं नाक ९४ मिलिमीटर भरतं, म्हणजे शॉर्टीच्या अख्ख्या डब्यापेक्षा मोठं. तिथे संख्या कमी करायला काहीच नसतं, आकारच आखडता घ्यावा लागतो, आणि तो वेग, ती धार हरवते. गोलमटोल नाकाची १९६४ ची ० मालिका मात्र शॉर्टी होऊनही सुरेख दिसते. माझं मत विचाराल तर शॉर्टी हा प्रकार मुळात रोजच्या, चौकोनी, थांबत थांबत जाणाऱ्या गाड्यांसाठीच आहे.

मी राहतो टोकियोच्या पूर्वेला, निशी-कासाईला. इथे भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि आमची तोझाई लाइन याच भागात जमिनीखालून वर येऊन उंच पुलावरून धावते. तिचं दुसरं टोक नाकानोला. तिथल्या नाकानो ब्रॉडवे या जुन्या इमारतीत आणि अकिहाबारातल्या दुकानांत जुन्या मालाची कपाटं असतात. शॉर्टी पूर्वी कुठेही मिळायच्या, अगदी जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, फलाटांवरच्या टपऱ्यांसाठी वेगळ्या मालिका निघत. आता नवे डबे फारसे दिसत नाहीत. सगळा शोध जुन्या खोक्यांमध्ये. खोकं हलवून आवाज ऐकायचा, स्टिकरचा कागद पिवळा पडला आहे का ते बघायचं. त्या स्टिकरवर गाडीचं गंतव्यस्थान आणि डब्याचा क्रमांक असतो. तो गेला की गाडीचं नावच गेलं.

किट जसं मिळतं तसं ते शोभेचंच असतं. ढकललं तर घरंगळेल, एवढंच. चालवायचं असेल तर खालची प्लॅस्टिकची चौकट काढून तिथे मोटर असलेलं युनिट बसवायचं. बांदाईने स्वतःची युनिट्स काढली होती, आणि कातोची छोट्या गाड्यांसाठीची युनिट्सही इथे बसतात. कातो म्हणजे १९६५ साली जपानची पहिली एन गेजची गाडी, सी५० हे वाफेचं इंजिन, काढणारी कंपनी. त्यांच्या युनिटवर माझा विशेष जीव आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी वस्तू, पण उघडून पाहिली की मन प्रसन्न होतं.

मधोमध आडवी मोटर. तिच्या दांड्याच्या टोकांना मळसूत्रासारखे आटे, ज्याला वर्म म्हणतात. ते आटे खालच्या दातेरी चाकात अडकतात आणि ते दातेरी चाक रुळावरच्या चाकांना फिरवतं. वीज रुळांतूनच येते, १२ व्होल्टपर्यंत डीसी. एक रूळ धन, दुसरा ऋण. रुळांवरून चाकांत, चाकांतून तांब्याच्या पातळ पट्ट्यांत, तिथून मोटरमध्ये. धन-ऋणाची अदलाबदल केली की गाडी उलट दिशेला निघते. खेळ एवढाच. पण या वर्मची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मोटर चाकांना फिरवू शकते, चाकं मोटरला फिरवू शकत नाहीत. खऱ्या गाडीची वीज बंद केली तर ती आपल्या वजनाच्या जोरावर पुढे जात राहते. इथे वीज गेली की गाडी जागच्या जागी खिळते. रुळावर धुळीचा एक कण आला तरी गचका.

याच्या मागे वजनाचं गणित आहे. लांबी १५० पटींनी कमी झाली की वजन १५० च्या घनाने कमी व्हायला हवं, म्हणजे ३३,७५,००० पटींनी. ४० टनांचा मोटरचा डबा धरला तर मॉडेल १२ ग्रॅमचं झालं, आणि शॉर्टी त्याच्याही निम्मं. इतक्या हलक्या डब्याची चाकं रुळाला नीट टेकत नाहीत. टेकली नाहीत की वीज पोचत नाही, आणि चाक जागेवरच फिरत राहतं. म्हणून डब्यात मिळेल त्या फटीत वजन भरायचं. मी शिशाच्या पातळ पत्र्याचे तुकडे कापून छताच्या आतल्या बाजूला चिकटवतो आणि काम झालं की हात साबणाने धुतो. टंगस्टनच्या गोळ्या मिळतात, त्या महाग, पण तेवढ्याच जागेत जास्त वजन देतात. वजन मोटरच्या वर, दोन्ही टोकांना सारखं. एका बाजूला झुकलं की वळणावर आतलं चाक उचललं जातं.

डब्याचं अंग युनिटवर बसवतानाचा भाग मला सर्वांत आवडतो. किटच्या आत बाजू एकमेकींना धरून ठेवायला आडव्या पट्ट्या असतात. त्या मोटरच्या वाटेत येतात. कटरने थोडं कापायचं, पॉलिश पेपरने घासायचं, बसवून बघायचं, परत काढायचं. जास्त कापलं तर बाजू सैल पडतात, कमी कापलं तर अंग उंच राहतं आणि शेजारच्या डब्याशी छत जुळत नाही. अर्धा मिलिमीटरचा फरकही डोळ्यांना खुपतो, कारण गाडीच्या छताची रेषा एकसंध दिसली तरच ती गाडी दिसते. शेवटी एक बारीकसा ‘टक’ आवाज येतो आणि अंग बसतं. मग रिकामी गाडी कमी व्होल्टेजवर अर्धा तास एका दिशेने, अर्धा तास दुसऱ्या दिशेने फिरू द्यायची. दाते एकमेकांना सरावतात, आवाज खाली येतो.

मोटर बसवताना काही गमवावंही लागतं. शॉर्टीच्या खिडक्या पारदर्शक असतात, अलीकडून पाहिलं तर पलीकडचा उजेड दिसतो. मोटरच्या डब्यात तो उजेड जातो, खिडक्यांमागे काळा ठोकळा येतो. माझे काही स्नेही म्हणूनच शॉर्टीला मोटर लावायच्या विरोधात आहेत. कपाटात एका रांगेत लावून ठेवतात आणि त्यात त्यांना पुरेपूर आनंद मिळतो. मला पटत नाही. गाडी सुटताना बघितल्याशिवाय ती पुरती ओळखता येत नाही, असं मला मनापासून वाटतं. चेहरा जितका ओळखीचा, तितकीच निघण्याची पद्धतही. डब्याचं नाक हलतं, मागच्या डब्याचं कप्लिंग ताणलं जातं, मग त्याच्या मागचं. मोटरचा डबा एकच असतो, बाकीचे ओढले जातात. तो मधे ठेवला तर ओढणं आणि ढकलणं विभागलं जातं आणि छोट्या वळणावर डबे रुळावरून उतरत नाहीत.

वजन नसलेली गाडी वजनदार गाडीसारखी निघायला हवी असेल तर ते वजन हातात यावं लागतं. पॉवर पॅकची, म्हणजे रुळांना कमी-जास्त वीज देणाऱ्या पेटीची, कळ एकदम फिरवली की शॉर्टी उंदरासारखी पळते. कळ इतकी हळू फिरवायची, की नेमकी कुठल्या क्षणी गाडी हलली ते कळू नये. थांबवताना फलाट यायच्या बरंच आधीपासून उतरत यायचं आणि शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरांत जवळजवळ काहीच न करता थांबायचं. हे साधायला लागल्यापासून मी तोझाई लाइनच्या पहिल्या डब्यात, चालकाच्या मागच्या काचेपाशी उभा राहतो. पांढरे हातमोजे घातलेला हात ब्रेक लावायला किती लवकर सुरुवात करतो आणि गाडी थांबायच्या ऐन वेळी ब्रेक कसा सोडतो, ते बघत राहतो. खऱ्या गाडीत धक्का बसू नये म्हणून तो हे करतो. घरी मी गाडीला वजन आहे असं वाटावं म्हणून करतो. हालचाल मात्र तीच.

रुळांची स्वच्छता हा कंटाळवाणा भाग, पण त्याशिवाय बाकी सगळं फुकट. चाक आणि रूळ यांच्यामध्ये बारीक ठिणग्या पडतात आणि काळा थर धरतो. फडक्यावर अल्कोहोल घेऊन रूळ पुसायचे, चाकंही पुसायची. लांब मॉडेलांना लांबवर पसरलेल्या चाकांतून सांभाळून घेता येतं. शॉर्टीची मोजकी चाकं, तीही एकमेकांच्या जवळ. एका मळक्या सांध्यावर सगळी एकदम अडकतात.

शॉर्टीची लांबी कमी, म्हणून वळणंही छोटी चालतात. कातोचे ११७ मिलिमीटर त्रिज्येचे रूळ मिळतात. त्यांचं पूर्ण वर्तुळ ए३ कागदावर मावतं. जपानी घरांत जागा किती असते हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. बहुतेकांची गाडी जेवणाच्या टेबलावर किंवा तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटईवर, चालते आणि जेवायच्या आधी खोक्यात परत जाते. टोकियोला फेरी घालणारी खरी यामानोते लाइन ३४.५ किलोमीटरची, १:१५० ला तीसुद्धा २३० मीटर होईल. ११७ च्या वर्तुळाचा परीघ मात्र फक्त ७३ सेंटिमीटर आहे. यामानोतेची गाडी ११ डब्यांची असते. ११ शॉर्टी कप्लिंगसकट जोडल्या तर सत्तरेक सेंटिमीटर होतात, म्हणजे पहिल्या डब्याच्या नाकासमोर शेवटचा डबा येतो. मी चारच डबे लावतो. दारांना जो नियम, तोच डब्यांना: माप तेच ठेवून संख्या कमी.

शॉर्टीच्या शेजारी माझ्या कपाटात टोमीटेकच्या ‘तेत्सुदो कलेक्शन’च्या गाड्याही आहेत. हे प्रकरण २००५ मध्ये सुरू झालं. पूर्ण लांबीचे डबे, बंद खोक्यात, आत कोणता निघेल ते आधी कळत नसे. इथेही मोटरचं युनिट, धातूची चाकं, वजनं वेगळी घ्यायची. या मालिकेचं मोठेपण असं, की आडबाजूच्या छोट्या खासगी रेल्वेंच्या गाड्या तिने घरोघरी पोचवल्या. मोठ्या शहरांत सेवा संपलेले डबे विकत घेऊन या रेल्वे चालतात. टोकियोच्या पूर्वेला, चिबा प्रांतात, ६.४ किलोमीटरची चोशी रेल्वे आहे. २००६ मध्ये गाड्यांच्या दुरुस्तीला पैसे नव्हते, तेव्हा आमचे ओलसर सेनबे, म्हणजे सोया सॉसमध्ये भिजवलेले तांदळाचे पापड, विकत घ्या असं तिने लोकांना आवाहन केलं, आणि लोकांनी ते इतके घेतले की रेल्वे वाचली. एके काळी टोकियोच्या भुयारात धावलेले डबे तिथे वर्षानुवर्षं कोबीच्या शेतांमधून फिरले.

काही तर त्याहून लांब गेले. यामानोतेवर १९८५ साली आलेली २०५ मालिका २००५ मध्ये तिथून उतरली. त्या मालिकेचे शेकडो डबे पुढे जाकार्ताला गेले. आमच्या तोझाई लाइनचे जुने डबेही तिथेच. मारुनोउची लाइनचे लाल ५०० मालिकेचे डबे पार ब्यूनोस आयरेसच्या भुयारी रेल्वेत धावले आणि त्यांतले काही २०१६ मध्ये परत टोकियोला आणले गेले, जतन करायला. २०५ ची शॉर्टी हातात घेतली की मला हे आठवतंच. तिच्या स्टेनलेस अंगावर पोपटी पट्टा काढला तर यामानोते. पट्टा बदलला की तीच गाडी दुसऱ्या मार्गाची, दुसऱ्या देशाची.

सध्या टेबलावर जे आहे ते किट मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. मी मूळचा डोंबिवलीचा. मुंबईची लोकल शॉर्टीत करायची, हे बरेच दिवस डोक्यात होतं. नात्याचा एक धागा खराही आहे. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गावरची ती डीसी २०१६ मध्ये पूर्णपणे गेली. यामानोते लाइन आजही त्याच १५०० व्होल्टवर चालते.

पण माप घ्यायला बसलं की नातं तुटतं. एन गेजमध्ये दोन रुळांमधलं अंतर, म्हणजे गेज, ९ मिलिमीटर. जपानमधल्या या उपनगरी गाड्यांचं खरं गेज १,०६७ मिलिमीटर. १:१५० ला ते ७.१ होतं, म्हणजे जपानी मॉडेलांखालचे रूळ खऱ्यापेक्षा रुंद असतात. आपलं गेज १,६७६. ते ११.२ होतं, म्हणजे तेच रूळ आपल्या गाडीला अरुंद. त्यात आपला डबा ३,६५८ मिलिमीटर रुंद, मॉडेलात २४.४. २०५ चा डबा १९ च्याही आत. कातोच्या युनिटवर लोकलचं अंग बसवलं की ते दोन्ही बाजूंना ओघळल्यासारखं दिसतं. प्रमाण बदलून १:१८६ केलं तर रूळ बरोबर बसतात, पण मग ती जपानी गाड्यांशेजारी खुजी दिसते. मी १:१५० च ठेवलं. लोकल या गाड्यांच्या शेजारी उभी राहिली की ती रुंद दिसलीच पाहिजे. पहिल्यांदा टोकियोच्या गाडीत चढलो तेव्हा ‘डबा किती अरुंद’ हेच मनात आलं होतं.

अंग प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचं कापलं आहे. रंग जुना, पिवळा आणि तपकिरी. खिडक्यांचे गज काढायला वेळ लागला. ताणलेल्या प्लॅस्टिकच्या तारा एकेक करून चिकटवल्या. आणि मग दार आलं. जपानी गाडीचं दार बंद असतं तेव्हाच गाडी चालते, त्यामुळे शॉर्टीत दार म्हणजे एक रेखलेला चौकोन. आपल्या लोकलचं दार उघडंच असतं. २०१७ पासून वातानुकूलित लोकलना बंद होणारी दारं आली, पण माझ्या मनातली लोकल त्याआधीची. दार बंद दाखवलं तर ती लोकलच नाही. उघडं दाखवलं तर मोटर दिसते.

काही दिवस हा पेच तसाच राहिला. ओढल्या जाणाऱ्या डब्यांत अडचण नव्हती, तिथे आरपार उजेड. प्रश्न मोटरच्या डब्याचा. १:१५० मापाची माणसं दुकानात मिळतात, एक सेंटिमीटरच्या आसपास उंचीची, ऑफिसला निघालेली, हातात बॅग. ती दारात उभी केली तर मोटर झाकली जाते. पण बाहेर लटकणारी माणसं मी लावली नाहीत. डोंबिवलीच्या माणसाला त्या लटकण्याची किंमत माहीत आहे, शेजारपाजारच्या घरांनी ती मोजलेली आहे. शोभा म्हणून ते दृश्य टेबलावर मांडायला हात धजावत नाही. सगळी माणसं दाराच्या आत, खांद्याला खांदा लावून उभी केली आहेत. मधल्या खांबाला धरलेला एक, पाठ बाहेरच्या बाजूला केलेला एक, मान वर करून वारा घेणारा एक. जपानी कोट रंगवून अर्ध्या बाह्यांचे शर्ट केले, दोघींना साडी दिली.

माणसांनी मोटर पूर्ण झाकली. आता पेंटोग्राफ राहिला आहे. जपानी डब्यावरचा तसाच बसवला तर रुंद छतावर तो फारच बारीक दिसतो, म्हणून पितळी तारेचा नवा वाकवायला घेतला आहे. तो झाला की कल्याणच्या बाजूचा डबा आणि मग पाटी. पाटीवर ‘डों’ लिहायचं, त्याखाली धीम्या गाडीचा ‘धी’.